सोसायटीच्या शिबिरातली लाळेची चाचणी करून घ्यावी का?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या सोसायटीत येत्या रविवारी आरोग्य शिबिर आहे. नुसत्या लाळेवरून डेंग्यू, फ्लू, कोविड आणि कावीळ हे चारही आजार एकदम कळतील, सुई नाही, नाकात काडी नाही, माणशी ३९९ रुपये, असं पत्रक घरोघरी आलं आहे. मुलगा सहा वर्षांचा, स्वॅबचं नाव काढलं तरी रडायला लागतो. सासूबाईंना मधुमेह आहे. पावसाळा लागला की घरात कुणाला ना कुणाला ताप असतोच. मग सगळ्यांचीच करून घ्यावी का ही चाचणी?

ताई, या चार-एकत्र चाचणीवर पैसे घालू नका. पण म्हणून लाळेवरच फुली मारू नका. मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे, ठाण्यात लॅब सांभाळते, विषाणूंच्या चाचण्या हे माझं रोजचं काम आहे. लाळेच्या काही चाचण्या रक्ताच्या किंवा स्वॅबच्या तोडीस तोड असतात आणि काही बिनकामाच्या. विषाणू कोणता, आजाराचा दिवस कितवा आणि नमुना घेतला कसा, एवढं कळल्याशिवाय कुठल्याही लाळेच्या रिपोर्टला अर्थ नाही. तुमच्या पत्रकात या तिन्हीपैकी एकही गोष्ट दिसत नाही.

आधी डेंग्यूचं बोलते, कारण तिथे धोका सगळ्यात मोठा आहे. डेंग्यूचा विषाणू रक्तात फिरतो. ताप आल्यापासून पहिले पाचेक दिवस त्याचं एनएस१ नावाचं प्रथिन रक्तात सापडतं, पुढे आयजीएम नावाची प्रतिपिंडं (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं) दिसायला लागतात. लाळेतही या गोष्टी सापडल्याचं संशोधन आहे, पण रक्ताच्या मानाने इतक्या कमी प्रमाणात, की निगेटिव्ह रिपोर्टवरून काहीच ठरवता येत नाही. आणि डेंग्यूत खोट्या निगेटिव्हची किंमत फार जबर असते. ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो आणि नेमक्या त्याच सुमारास काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं, प्लेटलेट घसरतात, पोटात दुखतं, उलट्या थांबत नाहीत. ताप गेला, लाळेची टेस्टही निगेटिव्ह, चला सुटलो, असं म्हणून घरचे निर्धास्त होतात ती वेळ हीच. म्हणून डेंग्यूच्या शंकेला रक्तच द्यावं लागतं. शासनाच्या सेंटिनेल, म्हणजे डेंग्यूच्या तपासणीसाठी नेमलेल्या, रुग्णालयांत एलायझा या पद्धतीची रक्तचाचणी मोफत होते आणि त्यातल्या आयजीएमसाठीचे किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचे (एनआयव्ही) असतात. खासगीत केलीत तर एनएस१बरोबर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, नक्की करा. हिमॅटोक्रिट (रक्त किती दाट झालंय ते) आणि प्लेटलेटचे आकडे डॉक्टरांना जे सांगतात ते कुठलीच लाळ सांगणार नाही.

काविळीचं तर मुळातच वेगळं आहे. कावीळ हे लक्षण आहे, तिच्यामागे वेगवेगळे विषाणू असतात. हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून येतात, बी आणि सी रक्तातून. यातल्या हिपॅटायटिस सीसाठी तोंडातल्या द्रवावर घरच्या घरी करायची एक चाचणी आहे आणि जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला पूर्वपात्रतेचा, म्हणजे गुणवत्ता तपासून स्वीकारल्याचा, दर्जाही दिला. पण ती प्रतिपिंडं शोधते. प्रतिपिंडं सापडली याचा अर्थ विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला. तो आजही आहे की नाही हे रक्तातल्या आरएनएच्या, म्हणजे विषाणूच्या जनुकीय धाग्याच्या, चाचणीशिवाय कळत नाही. आणि डोळे पिवळे झालेल्या माणसाबद्दल डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, यकृत किती दुखावलंय? त्यासाठी रक्तातलं बिलिरुबिन आणि एसजीपीटी, रक्त गोठायचा वेळ हे सगळं बघावंच लागतं. म्हणजे सुई काही टळत नाही.

फ्लूचा विषाणू नाक-घशात जास्त असतो. लाळेत तो कधी भरपूर सापडतो, कधी अगदी जेमतेम, म्हणून फ्लूसाठी आजही स्वॅबच बरा.

आता राहिला कोविड. इथे लाळेने खरोखर कमाल केली. हा विषाणू लाळग्रंथींच्या पेशींतही वाढतो, त्यामुळे लाळेत नुसता नाकातून ओघळून येतो असं नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या ॲन वायली आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांची लाळ आणि नाकातून घशापर्यंत घेतलेले स्वॅब समोरासमोर तपासले, तेव्हा लाळ कुठेही मागे पडली नाही. मग त्यांनी पुढचा प्रश्न घेतला: ही चाचणी स्वस्त कशी होईल?

पीसीआरमध्ये, म्हणजे विषाणूचा आरएनए शोधणाऱ्या लॅबच्या चाचणीत, पैसे कुठे जातात हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. लांब काडीचा स्वॅब, तो ज्यात बुडवून पाठवतात ते व्हीटीएम, स्वॅब घेणारा प्रशिक्षित माणूस, त्याचा पीपीई किट, आणि मग लॅबमध्ये नमुन्यातून आरएनए वेगळा काढायचं एक्स्ट्रॅक्शन किट. २०२० च्या उन्हाळ्यात एक्स्ट्रॅक्शन किटचाच जगभर तुटवडा होता. येलच्या मंडळींनी ती पायरीच काढून टाकली. लाळेत प्रोटिनेज के नावाचं विकर (एन्झाइम) घालायचं, ९५ अंशांवर पाच मिनिटं तापवायचं आणि थेट पीसीआरला लावायचं. ऑगस्ट २०२० मध्ये या ‘सलायव्हा डायरेक्ट’ पद्धतीला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, आपत्कालीन परवानगी दिली. रसायनांचा खर्च नमुन्यामागे काही डॉलरांवर आला. त्यांनी किट विकायला काढलं नाही, कृतीच लॅबना खुली करून दिली. या कामातली ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

आपल्याकडेही असं काम झालं आणि ते महाराष्ट्रातच झालं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत कृष्णा खैरनार आणि त्यांच्या चमूने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची पद्धत बसवली. सलाइन तोंडात घ्यायचं, घशात खळखळवायचं, नळीत थुंकायचं. लॅबमध्ये त्यात बफर घालून ठेवायचं, थोडा वेळ तापवायचं आणि पीसीआर लावायचा. तीनेक तासांत निकाल. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) तिला मान्यता दिली. स्वॅब घेणारा माणूस नको, व्हीटीएम नको. पाड्यांवर, खेड्यांत जिथे तंत्रज्ञ पोचतच नाही तिथल्यासाठी ही फार मोठी सोय आहे. पण तोवर दुसरी लाट ओसरायला लागली होती, लॅबची सगळी घडी स्वॅबवर बसलेली होती आणि दरही खाली आले होते. मार्च २०२० मध्ये पीसीआरची कमाल किंमत ४५०० रुपये होती. वर्षभराने, मार्च २०२१ च्या अखेरीस, राज्याने खासगी लॅबचा दर ५०० रुपयांवर आणला. स्वस्ताईचं निमित्त संपलं, गुळण्याही मागे पडल्या. माझ्या मते हे चुकलं. पैशांचं सोडा, लहान मुलांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी तरी ही पद्धत प्रत्येक महापालिकेच्या लॅबने कायम हाताशी ठेवायला हवी होती.

लाळेचा नमुना कसा द्यायचा, यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण लाळेच्या चाचण्यांचे निकाल बहुतेक वेळा इथेच बिघडतात. लाळ पाण्यासारखी दिसते आणि ९९ टक्के असतेही पाणीच, पण उरलेल्या एका टक्क्यात म्युसिन नावाची चिकट प्रथिनं असतात. पिपेटने नळीतून २०० मायक्रोलिटर ओढायला जावं तर टोकाला तार लागते, तार तुटली की अर्धा थेंब परत नळीत जातो आणि पिपेटमध्ये लाळेऐवजी फेस भरतो. डोळ्यांना वाटतं पुरेसं घेतलं, मोजायला जावं तर निम्मंही नसतं. ते प्रोटिनेज के आणि तापवणं आरएनए मोकळा करायला जेवढं लागतं तेवढंच हा चिकटपणा मोडायलाही लागतं.

त्यात आपल्या भागातल्या सवयी. कळवा-मुंब्र्यापासून घणसोली-तुर्भ्यापर्यंत सकाळी मशेरी लावणाऱ्या बायका कमी नाहीत. तंबाखू-चुना तर विचारूच नका. मशेरीनंतरचा नमुना तपकिरी येतो, नळी उभी ठेवली की तळाशी काळे कण बसतात. हे कण आणि चुन्याचा क्षार पीसीआरच्या विकराला अडवतात. म्हणून चांगल्या चाचणीत विषाणूच्या जनुकाबरोबर माणसाचंही एक जनुक शोधतात, बहुधा आरनेज पी. माणसाचं जनुकच सापडलं नाही, तर नमुना बिघडलेला आहे, रिपोर्टवर ‘इनव्हॅलिड’ लिहायचं आणि दुसरा मागवायचा. ही तपासणी ज्या चाचणीत नाही, तिथे बिघडलेला नमुना मुकाट्याने ‘निगेटिव्ह’ म्हणून बाहेर पडतो.

म्हणून मी रुग्णांना सांगते ते असं. शक्यतो सकाळी उठल्यावर, दात घासण्याआधी, चहाआधी. ते जमलं नाही तर निदान अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही: चहा, पान, मशेरी, गोळी, च्युइंगगम, माउथवॉश काहीच नाही. बसायचं, मान पुढे झुकवायची, लाळ जिभेखाली साठू द्यायची आणि ओठातून नळीत ओघळू द्यायची. थुंकायचं नाही, फेस होतो. खाकरायचं तर मुळीच नाही. टीबीच्या तपासणीमुळे लोकांना बेडका काढून द्यायची सवय आहे, पण तो छातीतून येतो आणि ही चाचणी त्याच्यासाठी नाही. एक मिलिलिटर पुरतं. तोंड कोरडं पडलं तर चिंच-कैरीची नुसती आठवण काढायची, चोखायचं मात्र काही नाही. सहा वर्षांचं मूल हे सगळं खेळाखेळात करतं. अगदी तान्ह्या बाळाच्या तोंडात मऊ स्पंजची काडी फिरवून नमुना घेतात.

आणखी एक चांगली बाजू: कोविड विषाणूचा आरएनए लाळेत, काहीही न मिसळता, नेहमीच्या तापमानाला कित्येक दिवस टिकतो असं दिसून आलं आहे. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलेल्या नमुन्याची त्यामुळे फारशी काळजी वाटत नाही. नळीचं झाकण मात्र घट्ट हवं.

तुमच्या शिबिरात यातलं काही होणार नाही. ३९९ रुपयांत जागच्या जागी निकाल म्हणजे ती अँटिजेन (विषाणूचं प्रथिन) किंवा प्रतिपिंडं शोधणारी पट्टी असणार. पीसीआरमध्ये विषाणूचा एक धागा असला तरी त्याच्या कोट्यवधी प्रती करून मग शोधतात. पट्टी वाढवत काहीच नाही, आहे तेवढंच बघते. विषाणू थोडा असेल तर तिला दिसतच नाही. मधला मार्ग लॅम्प नावाच्या पद्धतीचा, तो जपानमध्ये २००० साली निघाला. ६५ अंशांच्या एकाच तापमानावर अर्ध्या तासात प्रती होतात, महागडं यंत्र लागत नाही, आणि काही किटमध्ये गुलाबी रंगाचा पिवळा झाला की पॉझिटिव्ह. पण तो रंग आम्लतेवर बदलतो. कुणी नुकतंच लिंबू सरबत किंवा कोल्ड्रिंक प्यालं असेल तर विषाणू नसतानाही नळी पिवळी पडू शकते. चांगल्या लॅबमध्ये आधी लाळेची आम्लता सांभाळून घेतात. शिबिराच्या टेबलावर कुणी ते करील अशी आशा नको.

आता थोडा हिशोब करू. कोविडच्या अँटिजेन चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेची किमान अट अशी होती: १०० बाधितांपैकी ८० तरी सापडावेत आणि १०० निरोग्यांपैकी ९७ तरी निगेटिव्ह यावेत. तुमच्या पट्ट्या या अटीत बसतात असं धरू. शिबिराला ५०० माणसं आली आणि त्यातल्या पाचांना खरंच कोविड आहे. पट्टी चौघांना पकडेल, पाचवा निर्धास्त घरी जाईल. उरलेल्या ४९५ निरोग्यांपैकी साधारण १५ जणांना पट्टी पॉझिटिव्ह ठरवेल. म्हणजे १९ पॉझिटिव्हमध्ये खरे चारच. आणि अशा पट्ट्या चार आहेत, प्रत्येकीचे असेच पंधरा-पंधरा. एका रविवारी साठेक खोटे पॉझिटिव्ह. एखाद्या घरात ‘हिपॅटायटिस पॉझिटिव्ह’ हा कागद पोचला की काय होतं, हे मी पाहिलं आहे. त्या कागदामुळे जेवणाची ताटं वेगळी होतात, ठरत आलेली लग्नं थांबतात, आणि नंतर रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ आला तरी शेजाऱ्यांच्या मनातून ते जात नाही.

निरोगी माणसांच्या सरसकट चाचण्या कधीच करू नयेत असं मी म्हणत नाही. इलिनॉय विद्यापीठात २०२० च्या शरद ऋतूपासून विद्यार्थ्यांची आठवड्यातून दोनदा लाळेची पीसीआर होत होती. एका वेळी हुकलेला संसर्ग तीन-चार दिवसांनी सापडत होता आणि पॉझिटिव्ह आलेल्याला लगेच वेगळं ठेवण्याची व्यवस्था होती. वर्षातून एका रविवारी लावलेल्या टेबलाने ते साधत नाही.

लाळेतून एचआयव्ही कळतो का, हेही मला लोक हळू आवाजात विचारतात. अमेरिकेत २०१२ पासून अशी घरगुती चाचणी औषधाच्या दुकानात मिळते. हिरड्यांवरून पट्टी फिरवायची, वीस मिनिटांनी वाचायची. ती विषाणू शोधत नाही, हिरड्यांतून पाझरणाऱ्या द्रवातली प्रतिपिंडं शोधते. लाळेतून एचआयव्ही पसरत नाही, हे त्याबरोबर लक्षात ठेवा. सामान्य लोकांनी स्वतः केली तेव्हा साधारण १२ बाधितांमागे एकाला तिने चुकून निगेटिव्ह ठरवलं, आणि संसर्गानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तर तिच्यावर विसंबूच नये. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात रक्ताची चाचणी मोफत आणि गुप्त होते, आधी-नंतर समुपदेशन मिळतं. शंका असेल तर सरळ तिथे जा.

लाळेची एक चाचणी मात्र आपल्याकडे प्रत्येक प्रसूतिगृहात पोचावी असं मला तळमळीने वाटतं, आणि तिचं नाव कुठल्याच पत्रकात नसतं. सायटोमेगॅलो विषाणू, म्हणजे सीएमव्ही. आपल्याकडच्या बहुतेक बायकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, पण गरोदरपणात तो पुन्हा उचल खाऊ शकतो आणि बाळापर्यंत पोचू शकतो. अशी बहुतेक बाळं जन्मतः अगदी ठणठणीत दिसतात. त्यातल्या काहींचं ऐकू येणं पुढे हळूहळू कमी होतं, आणि मूल बोलत का नाही म्हणून दोन-तीन वर्षांनी धावाधाव सुरू होते. आनुवंशिक कारणं सोडली तर लहान मुलांच्या बहिरेपणाचं सगळ्यात मोठं कारण हाच विषाणू आहे. नवजात बाळाच्या गालाच्या आतून काडी फिरवून लाळेची पीसीआर केली तर १०० पैकी ९७ हून जास्त बाधित बाळं सापडतात. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताची चाचणी इथे लाळेच्या मागे पडते. अट एकच: जन्मापासून २१ दिवसांच्या आत. त्यानंतर सापडलेला विषाणू पोटातून आला की नंतर लागला हे सांगता येत नाही. आईच्या दुधातही हा विषाणू असतो, म्हणून दूध पाजल्यावर तासभर थांबून नमुना घ्यायचा आणि पॉझिटिव्ह आलं तर लघवीतून खात्री करायची. निवडक बाळांना पहिल्या महिन्यात औषध सुरू करता येतं, आणि बाकीच्यांच्या कानांवर वेळोवेळी लक्ष ठेवता येतं. तुमच्या ओळखीत कुणी बाळंत झाली असेल आणि बाळ कानाच्या पहिल्या तपासणीत अडलं असेल, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना सीएमव्हीबद्दल विचारायला सांगा.

तुमच्या मुलासाठी आणखी एक. शाळेत गालगुंडाची साथ आली तर तिचीही तपासणी तोंडातूनच होते. कानाखालची सूज साधारण अर्धा मिनिट हलक्या हाताने दाबायची आणि वरच्या दाढेसमोर, जिथे त्या ग्रंथीची नळी उघडते, तिथे काडी फिरवायची. सूज आल्यापासून तीन दिवसांच्या आत केलेली बरी. पण आधी त्याचं लसीचं कार्ड काढून बघा. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची एमआर लस आहे, तीत गालगुंड नाही. त्यासाठी एमएमआर लागते. दिलेली नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या. शिबिराच्या पैशांचा हा जास्त चांगला उपयोग आहे.

सासूबाईंचं वेगळं आहे. मधुमेह असलेल्या वयस्क माणसाला पावसाळ्यात ताप, खोकला, घसादुखी झाली तर चाचणीची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत चांगलं लागू पडतं, आणि जोखमीच्या रुग्णांना ते रिपोर्टशिवाय देण्याची मुभा सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. दम लागला, गुंगी आली, ओठ निळसर दिसले तर मग थेट रुग्णालय.

शिबिर भरवणाऱ्यांना सोसायटीच्या कमिटीमार्फत हे विचारा. पट्टी शोधते काय, विषाणू, त्याचं प्रथिन की प्रतिपिंडं? खोक्यावर उत्पादन किंवा आयात परवान्याचा क्रमांक आहे का, की ‘फक्त संशोधनासाठी’ असं बारीक अक्षरात छापलंय? रिपोर्टवर सही कुणाची, आणि पॉझिटिव्ह आलेल्याची खात्रीची चाचणी कुठे आणि कुणाच्या खर्चाने? खोक्याचा फोटो मागवून घ्या, चारही बाजूंचा. उत्तरं धड आली नाहीत तर कमिटीला सांगा, त्या टेबलाऐवजी रक्तदाब आणि साखर तपासायचं टेबल लावा, आणि शेजारी लसीची कार्डं बघायला एक परिचारिका बसवा.

मुलाला कधी कोविडची चाचणी लागलीच तर लॅबला आधी फोन करा आणि लाळ किंवा गुळण्यांचा नमुना घेता का ते विचारून मगच त्याला घेऊन जा. घेत असतील तर सकाळी, दात न घासता.